गुंतवळ

"केसांवर भांडीऽऽ" अशी आरोळी देत, डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई राजुऱ्यातल्या आमच्या गल्लीत वर्षातून दोन-तीनदा येते. विंचरताना निघालेले केस बोटाभोवती गुंडाळून बायका पिशवीत साठवून ठेवतात. त्याला गुंतवळ म्हणतात. नव्या पिढीला हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. बाई ती गुंतवळ तोलते आणि बदल्यात चमचा, वाटी, फार झाले तर एखादे लहानसे पातेले देते. २०२३ च्या दिवाळीनंतर ती आली, हिची पिशवी हातात घेतली आणि म्हणाली, "काकू, यंदा इतकी गुंतवळ? बिमार होत्या का जी?"

मी ओसरीवर पेपर वाचत बसलो होतो. तीस वर्षे बँकेत काढली. खातेवही नुसती चाळून कोणाचे कर्ज थकणार ते सांगत असे. शिवाय कादंबऱ्यांतून स्त्रीमनाचा तळ शोधल्याबद्दल समीक्षकांनी पाठही थोपटलेली. आणि आपल्याच घरच्या कंगव्यात रोज सकाळी काय जमा होते आहे, ते भांडीवालीने सांगेपर्यंत मला कळले नव्हते.

मग घरात चौकशी समिती बसली. शेजाऱ्यांनी बोअरच्या पाण्याला दोष दिला. राजुरा म्हणजे कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने, तेव्हा कुणी धुळीवर बोट ठेवले. मुलीने फोनवरून शांपू बदलायला लावला. मी आपला बाजारात दिसेल ते तेल आणत राहिलो. महिन्याभरात न्हाणीघराच्या फळीवर पाच बाटल्या झाल्या आणि केस गळतच राहिले.

शेवटी दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तेलाचे नावही काढले नाही. त्यांनी विचारले, "तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?"

ऑगस्टमध्ये हिला डेंग्यू झाला होता. पण तो तर केव्हाच बरा झाला होता!

त्यांनी मग जे समजावले, ते माझ्यासारख्या बँकवाल्याला लगेच पटले. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक केस म्हणजे जणू स्वतंत्र मुदत ठेव. प्रत्येकाची मुदतीची तारीख वेगळी. केस दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत मुळाशी आवराआवर होते, त्यानंतर तो दोन-चार महिने नुसता जागेवर बसून राहतो, आणि मग गळतो. त्याच मुळातून नवा केस निघतो. कोणत्याही दिवशी शंभरांतले पंच्याऐंशी-नव्वद केस वाढत असतात, बाकीचे विश्रांतीत किंवा आवराआवरीत. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा रोजचा व्यवहार झाला.

मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, उपासमार असे काही आले, की शरीर केसांवरचा खर्च थांबवते. हजारो केस मुदतीआधीच एकदम विश्रांतीला जातात. मात्र ते त्याच दिवशी गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी एकदम ओघळतात आणि तोवर आपण आजार विसरून गेलेलो असतो. कोविडनंतर कितीतरी घरांत हेच झाले. माझी आई म्हणायची, बाळ आईला ओळखायला लागले की आईचे केस गळतात. बाळ ओळखून हसते तेही तिसऱ्या महिन्याच्या सुमारास! दोष बाळाचा नाही, पण म्हातारीचे कॅलेंडर अचूक होते. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसतो. मूळच उपटून आले म्हणून लोक घाबरतात. तो केवळ विश्रांती पूर्ण झालेल्या केसाचा शेवट असतो. मूळ त्वचेखाली शाबूत असते. आमच्याकडून तिरुपतीला जाऊन मुंडण करून येणाऱ्यांना ते पुन्हा पुन्हा उगवून दाखवते. (मुंडणाने केस दाट होतात हे मात्र खरे नाही. कापलेले टोक जाड भासते, इतकेच.)

वर्षभराने बुलढाण्याची बातमी आली, तेव्हा हिने पेपर वाचता वाचता तोच प्रश्न विचारला, "अहो, या लोकांना तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?" डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस हातात येऊ लागले होते. अठरा गावांतले २७९ जण. पण तिथे तीन महिन्यांचा हिशेब लागत नव्हता, कारण काहींना तर चार-पाच दिवसांत टक्कल पडत होते. वाढता केसच मधून तुटावा, असा तो प्रकार. कर्करोगाच्या केमोथेरपीतही असेच होते, कारण औषध वेगाने वाढणाऱ्या पेशींवर पडते आणि केसांच्या मुळातल्या पेशी फार वेगाने वाढतात. कुणी शांपूला धरले, तर खारपाणपट्टा असल्यामुळे पाण्यावरही संशय गेला. विंचवाच्या दंशावरील संशोधनामुळे ज्यांचे नाव झाले, ते महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले. त्यांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या अति सेलेनियमकडे बोट दाखवले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत ते भरमसाट सापडले आणि जस्त कमी. काही आठवड्यांत अनेकांचे केस परत येऊ लागले. पण तोवर मुलींनी शाळा-कॉलेजात जाणे सोडले होते.

गंमत अशी, की हेच सेलेनियम केसांसाठीच्या महागड्या गोळ्यांत असते. शरीराला ते कणभर लागते, मणभर झाले की केसच काढते. 'अ' जीवनसत्त्वाचेही तसेच. बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्याने रक्ततपासणीपूर्वी डॉक्टरांना सांगावे, नाहीतर थायरॉईडचा आकडा चुकू शकतो.

हिच्या तपासणीत मात्र डेंग्यूखेरीज आणखी एक गोष्ट निघाली. हिमोग्लोबिन ८! शरीरातले लोह संपत आलेले. आजारपण तीन महिन्यांपूर्वीचे, ही थकबाकी मात्र कित्येक वर्षांची होती. आम्ही सगळे जेवून उठल्यावर उरलेल्या वरणात पाणी घालून ही जेवायला बसते, हे मी चाळीस वर्षे पाहत होतो. पाहत होतो असे आता म्हणतो.

बाईंनी लगेच लोहाच्या गोळ्या दिल्या नाहीत. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल आहे, रक्त कमी असण्याचे कारण दर वेळी लोहच नसते. आधी ती तपासणी, मग गोळ्या. जेवणात डाळ, हरभरा, अंडी, अंबाडीची भाजी, वर लिंबू. जेवणासोबत चहा बंद. तेल लावायला हरकत नाही. वर दिसणारा केस निर्जीव असतो, तेलाने तो मऊ होतो, कमी तुटतो. मुळाला मात्र अन्न रक्तातूनच मिळते. डोक्यावर गोल चट्टे पडले, खाज-पू आला, किंवा सहा महिने गळती थांबली नाही तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. माझ्या डोक्याचेही मी विचारून घेतले. त्या हसल्या. पुरुषांच्या वंशागत टकलात मुळेच बारीक होत जातात, वाढीचा काळ आखडतो. औषधे आहेत, पण ती लवकर सुरू करायची असतात. माझी ती मुदत केव्हाच उलटली होती.

आता घरात ताटे एकदम वाढतो. सुरुवातीला हिला ते अवघड गेले, मधूनच उठून पोळी लाटायला जायची. चार महिन्यांनी कपाळापाशी बोटभर उंचीचे नवे केस उभे राहिले, तेल लावूनही बसेनात. नातीने त्यांना गवत नाव ठेवले.

पुढच्या दिवाळीनंतर भांडीवाली आली. पिशवी उचलून पाहिली, तोलायच्याही भानगडीत पडली नाही. "काकू, एवढ्यात काहीच नाही येत जी," म्हणाली आणि पाटी उचलून निघाली. ही एका चमच्यासाठी फाटकापर्यंत तिच्याशी हुज्जत घालत गेली.