क्ष-किरणतज्ज्ञाच्या नजरेतील महानगर

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली पदवी घेऊन बाहेर पडलेला आणि चित्रकलेचे विधिवत शिक्षण मुळीच न घेतलेला एक तरुण डॉक्टर मुंबईस येतो, १९७५ पासून २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करतो, आणि त्या व्यवसायातून उरलेल्या वेळात या महानगराच्या श्रमिक जीवनाचा असा चित्रमय दस्तऐवज सिद्ध करतो की त्याला वगळून भारतीय समकालीन कलेचा इतिहास लिहिता येऊ नये. सुधीर पटवर्धन यांची ही हकीकत महाराष्ट्रातील सुशिक्षित वाचकास अद्याप पुरेशी ठाऊक नाही, याचे वैषम्य वाटते.

व्यवसायाने त्यांच्या कलेस दिले काय, याचे पहिले उत्तर अगदी व्यावहारिक आहे. चित्र विकले गेले नाही तर चूल विझण्याचे भय नव्हते. त्यामुळे बाजाराची मर्जी सांभाळण्याची सक्तीही नव्हती. दुसरे उत्तर अधिक सूक्ष्म, आणि ते माझ्या तर्काचे आहे. क्ष-किरणतज्ज्ञासमोर दिवसभर माणसे येतात ती देह म्हणून. त्या देहाचा सांगाडा, त्याची झीज, त्याने पेललेला भार तो तटस्थपणे वाचतो, परंतु त्या देहाच्या धन्याशी त्याचा परिचय काही मिनिटांपलीकडे जात नाही. पटवर्धनांच्या आरंभीच्या चित्रांतील मजूर, प्रवासी आणि पादचारी यांच्याकडे पाहताना हीच जवळीक आणि हेच अंतर एकाच वेळी जाणवते. १९७७ चे ‘इराणी रेस्टॉरंट’ किंवा १९८० चे ‘ट्रेन’ पाहावे: त्यांतील माणसे दयेस पात्र म्हणून रंगविलेली नाहीत, आणि क्रांतीच्या भित्तिपत्रकावरील वीरही नव्हेत, ती जड, घट्ट, आपापली जागा अडवून बसलेली माणसे आहेत. ज्यांचे चित्र आपण काढतो त्यांना त्यात स्वतःची ओळख पटावी, ही या चित्रकाराची धारणा तेथे प्रत्यक्ष दिसते.

त्यांची कार्यपद्धती समजून घेण्याजोगी आहे. रस्त्यावर, फलाटावर, पुलावर केलेली रेखाटने चित्रशाळेत येतात आणि तेथे त्यांची पुनर्रचना होते. ठाण्यातील एखादा चढ, कुठला तरी जिना आणि निराळ्याच दिवशी पाहिलेली आकृती एका पटावर एकत्र नांदू लागतात. शहराच्या मोठ्या दृश्यांत तर ते एकाच स्थानावरून पाहण्याचा नियमही मोडतात; काही भाग वरून पाहिलेला, काही समोरून, आणि तरीही प्रेक्षकास मात्र आपण त्या गर्दीत उभे आहोत असा भास होतो. फ्रेंच चित्रकार सेझान यांचा अभ्यास येथे त्यांच्या उपयोगी पडला आहे.

१९८२ च्या मुंबईतील कापड गिरण्यांच्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले, आणि पटवर्धनांच्या चित्रांतील मनुष्याचा आकारही उत्तरोत्तर लहान होत जाऊन इमारतींचा वाढत गेला. २००१ चे ‘लोअर परळ’ हे त्या स्थित्यंतराचे चित्र होय. २०१४ चे सात भागांचे ‘मुंबई प्रॉव्हर्ब्ज’ त्याहून विस्तीर्ण आहे खरे. पण एकटाच बसलेला माणूस ज्या पूर्वीच्या चित्रांत सारा पट व्यापून टाकतो, त्यांचे वजन मला अधिक वाटते.

२०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात कलासमीक्षक नॅन्सी अडजानिया यांच्या संयोजनाखाली त्यांच्या कार्याचे सिंहावलोकन करणारे ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ हे प्रदर्शन भरले. त्याहूनही महत्त्वाचे मी त्यांचे एक वेगळेच काम मानतो. २००८–०९ च्या सुमारास ‘बोधना’ या संस्थेच्या वतीने समकालीन भारतीय चित्रांचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांत नेण्यात आले, आणि त्यातील चित्रांची निवड पटवर्धनांनी केली होती. ज्या प्रेक्षकांना मूळ चित्र पाहण्यासाठी मुंबईची वारी करावी लागते, त्यांच्या गावी चित्रेच मुक्कामास गेली.

असा उपक्रम एखाद्या चित्रकाराच्या उत्साहावर सोडून देण्याजोगा नाही. जिल्ह्याच्या गावी नाट्यगृह बांधणाऱ्या नगरपालिकांनी त्याच्या शेजारी, भिंती कोरड्या आणि प्रकाश नीट असलेले एक दालन चित्रांसाठी राखून ठेवावे, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात दरसाल मांडावा.