देव बदलला, बोली राहिली

निर्मळचे नाव काढले की मुंबईकरांना कार्तिकातली जत्रा आठवते. वसई तालुक्यातल्या या गावी शंकराचार्यांची समाधी आहे, तळे आहे आणि जवळच होली क्रॉस चर्चही आहे. देवळात जाणारा आणि चर्चमध्ये जाणारा, दोघेही मराठीच बोलतात. मिशनऱ्यांमुळे एखाद्या समाजाची संस्कृती बुडते की तरते, यावर आपल्या दिवाणखान्यांतून मोठे वाद झडतात. वाद घालण्यापूर्वी माणसाने एकदा निर्मळला जाऊन यावे, असे मला वाटते.

१५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्यापाठोपाठ फ्रान्सिस्कन आले, मग जेसुइट आले. हे सारे केवळ गोड उपदेशाने घडले, असे समजण्याचे कारण नाही. राजसत्ता पाद्र्यांच्या पाठीशी होती. देवळे पडली, आणि निर्मळचे देवस्थानही त्यातून सुटले नाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा काही कुटुंबे शुद्ध होऊन हिंदू समाजात परतली. चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच. घंटांनीही धर्मांतर केले म्हणायचे! बाकीची कुटुंबे मात्र फिरंगी गेल्यावरही ख्रिस्तीच राहिली. जुलमाने आलेला धर्म तोवर त्यांच्या घरचा झाला होता.

मग बदलले काय? आडनावे बदलली, लोपीस, परेरा, रॉड्रिग्ज झाली. सण बदलले. राहिले काय? स्त्रियांचे लुगडे राहिले, लग्नातले उंबराचे पाणी राहिले, केळीच्या बागा राहिल्या. आणि जातही राहिली! सामवेदी ख्रिस्ती वेगळे, वाडवळ ख्रिस्ती वेगळे. एका वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांच्या सोयरिकी मात्र आपापल्यातच होत. धर्मोपदेशकांना जे मोडावेसे वाटायला हवे होते तेच नेमके टिकले, हे मला विशेष वाटते.

टिकलेल्यांत सर्वांत मोलाची ठरली ती बोली. सामवेदींची कादोडी घराघरांतून चालत आली. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन उपासनेची जागा मराठीने घेतली, आणि चर्च मराठीचे माहेर बनले. निर्मळच्या शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते काही अचानक नव्हे.

पण या उदाहरणावरून सगळ्यांचा हिशेब मांडता येणार नाही. वसईकरापाशी जमीन होती, बाग होती. देव बदलला तरी पायाखालची माती तीच राहिली. आता याच पालघर जिल्ह्यातला डोंगराकडचा वारली घ्या. डहाणू-तलासरीकडे मिशनऱ्यांनी शाळा व वसतिगृहे काढली, मुलांना अक्षर दिले. ते ऋण मोठे आहे. मात्र वारल्याचा धर्म त्याच्या कामापासून वेगळा काढता येत नाही. कणसरी ही धान्याची देवी. लग्नात भिंतीवर चौक लिहायचा, त्यात पालघट देवी बसवायची आणि धवलेरीने गाणी म्हणून लग्न लावायचे. तो चौक मूर्तिपूजा ठरला की एक देवी तर जातेच, पण तिच्याबरोबर चित्र जाते, गाणे जाते आणि लग्न लावणाऱ्या बाईचा मानही जातो. म्हणून उपदेशकाने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, काय सोडायला सांगावे याचा दहादा विचार करावा.

आणि आपण शहरवाल्यांनीही करावा. माझ्या वर्गात वसईकडची मुले येतात. घरची बोली बोला म्हटले की मान खाली घालून हसतात. ही लाज त्यांना कोणा पाद्र्याने शिकवलेली नाही. विरारपर्यंत पोचलेल्या इमारतींनी आणि इंग्रजी शाळांनी ती शिकवली. जी कादोडी पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षांना पुरून उरली, ती आपल्या दोन पिढ्यांना पुरेल का, हा प्रश्न आता चर्चला विचारून भागणार नाही.