वारा थांबला तेव्हा

तारीख ३ जून २०२०. टाळेबंदीमुळे मी मार्चपासून श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावीच अडकलो होतो. घरात थोरले चुलतभाऊ अण्णा, वहिनी आणि मी. तिघंही साठीच्या अल्याडपल्याड. ‘निसर्ग’ येणार हे आदल्या दिवसापासून रेडिओ, टीव्ही कंठशोष करून सांगत होते. काठावरची वस्ती शाळेत हलवली. आम्हांलाही बोलावणं आलं. अण्णा म्हणाले, “२००९ चं फयान पाह्यलंय आपण. चार माड गेले, एवढंच.” आम्ही राहिलो. घर उंचावर असलं तरी ते चुकलंच, हे आज कबूल करतो.

वहिनींनी मात्र हंडे, कळशा, बादल्या भरून ठेवल्या. भात शिजवला, मेणबत्त्या-काड्यापेटी हाताशी घेतली. अण्णांनी गाईचं दावं सोडलं. बांधलेलं जनावर गोठ्याखाली सापडतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. मी वीज मुख्य बटणापासून बंद केली, सिलिंडर बंद केला आणि सातबारे, पासबुकं दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून पिठाच्या डब्यात खुपसली. “बँकवाला तो बँकवालाच!” अण्णा हसले.

दुपारी वारा सुटला तो डोंगराकडून. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटर, हे आकडे नंतर वाचले. त्या वेळी फक्त आवाज होता. पडवीची कौलं पत्त्यांसारखी उडाली. वाडीतल्या पोफळी वाकायच्या, उठायच्या, मग काडकन मोडायच्या. आम्ही बाळंतिणीच्या खोलीत जाऊन बसलो. चहूबाजूंनी भिंती, खिडकी नाही, वर फळ्यांचा माळा. जुन्या लोकांनी घरं बांधताना काय विचार केला होता कोण जाणे, पण ती खोली त्या दिवशी कामी आली.

आणि एकाएकी सगळं थांबलं. पाऊसही उघडला. अण्णा उठले. “गाय बघून येतो.”

मी म्हटलं, “अण्णा, हा वादळाचा डोळा असेल. तो सरकला की वारा उलट्या बाजूनं येतो.”

“तू मला वारा शिकवतोस?”

उभ्या जन्मात मी अण्णांपुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. वहिनींनी न बोलता दाराला कडी घातली आणि दारालाच पाठ लावून बसल्या. अण्णा तसेच उभे राहिले.

अर्धा तासही झाला नसेल. वारा आला, या खेपेस समुद्राकडून. आधीच्या वाऱ्यानं खिळखिळा केलेला मागचा फणस गोठ्यावर कोसळला. तो आवाज तिघांनीही ऐकला.

संध्याकाळी वारा पडल्यावरही आम्ही बेतानंच बाहेर पडलो. तारा चिखलात लोळत होत्या, ओल्या भिंती कधी बसतील याचा नेम नव्हता. वाडीत उभ्या पोफळी मोजायला हाताची बोटं पुरली. सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि अण्णा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. वीज यायला आठवडे लागले. गाय तिसऱ्या दिवशी आपण होऊन आली.

अण्णा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी पंचनाम्याला तलाठी आले. आळीतले लोक भिजलेली पासबुकं उन्हात पसरत होते. अण्णांनी पिठाचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला.

“काढ तुझी बँक,” म्हणाले, आणि सातबाऱ्यावरचं पीठ स्वतःच फुंकरीनं उडवलं.