भांडणात सापडणारे पूर्वज

धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा, तुळजापूर, कळंब या भागांत जुन्या देशमुख-देशपांडे किंवा पाटील घराण्यात बसलं की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. मूळपुरुषानं म्हणे बादशहाचा जीव वाचवला आणि बादशहानं वतनाची सनद दिली. बादशहा कधी बिदरचा असतो, कधी विजापूरचा. सनद मात्र घरातल्या कुणीच पाहिलेली नसते. ती वाड्याला आग लागली तेव्हा जळालेली असते, नाहीतर रझाकारांच्या धामधुमीत गेलेली असते. गोष्ट खोटीच असते असं नाही, पण मूळपुरुष खरंच शोधायचा असेल तर ती बाजूला ठेवून हातात सातबारा घ्यावा लागतो.

आपल्यापासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जायचं, हा या शोधाचा पहिला नियम. मूळपुरुषापासून खाली यायला निघालेला माणूस हमखास दुसऱ्याच्या घरात शिरतो. सातबारा आणि फेरफार मागे नेत गेलं की मराठवाड्यात पहिली पक्की पायरी लागते ती १९५४-५५च्या खासरा पत्रकाची. कुठल्या सर्व्हे नंबरला पट्टेदार कोण, प्रत्यक्ष कब्जा कुणाचा, कूळ कोण, हे त्यात गावागावाचं लिहिलेलं आहे. खासऱ्याच्या मागे मात्र भाषा बदलते, लिपी बदलते, सनसुद्धा बदलतो. १९५४-५५ हे निजामी फसलीत १३६४ असतं.

निजामाच्या दफ्तराची भाषा आधी फारसी होती, १८८४पासून उर्दू झाली. गावपातळीवरचा कुलकर्णी मात्र मोडीत लिहीत होता. म्हणजे एकाच शेताचा कागद गावात मोडी आणि वर गेला की फारसी किंवा उर्दू. नावंही बदलतात. मोडीतला ‘तुकोजी बिन रामजी’ उर्दूत ‘तुकाराम वलद रामा’ होऊन बसतो. आडनाव बहुधा नसतंच. हुद्दा हीच ओळख, आणि नातवाला आजोबाचं नाव ठेवण्याची आपली रीत. त्यामुळे शंभर वर्षांत एकाच वाड्यात तीन रामजी भेटतात आणि तिघंही पाटीलच असतात.

इथे देशमुखांच्या वारसांना निजामाचा दिवाण सालारजंग यानं नकळत मोठी मदत करून ठेवली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यानं जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलूख जिल्ह्यांत बांधला, वसुलीचं काम देशमुख-देशपांड्यांच्या हातून काढून सरकारी नोकरांकडे दिलं आणि बदल्यात या वतनदारांना रुसूम म्हणून रोख नेमणूक बांधून दिली. रोख रक्कम आली की वारसाचा प्रश्न आला. रुसुमाचा किंवा इनामाचा धनी मेला की विरासतीची चौकशी व्हायची. मुलगे किती, थोरला कोण, दत्तक खरा की खोटा, भाऊबंदांचा उजर म्हणजे हरकत काय, हे सगळं नोंदवलं जाई. त्यातून निघालेला मुंतखब, म्हणजे चौकशीचा लेखी निकाल, ज्या घरात आहे त्या घराला दोनतीन पिढ्या आयत्या मिळतात.

इंग्लंडातल्या जमीनदार घराण्यांचा शोधही नेमका अशाच कागदावर उभा आहे. तेराव्या शतकापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे राजाकडून थेट जमीन धारण करणारा माणूस मेला की स्थानिक पंच बसवून चौकशी होई. जमीन किती, वारस कोण आणि वारसाचं वय काय. राजाला काळजी घराण्याची नव्हती, आपल्या हक्काच्या पैशाची होती. लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या चौकशा आज वाचता येतात. आपल्याकडच्या जुन्या कागदात वय क्वचितच भेटतं, आणि पिढ्यांचा हिशेब जुळवताना ही उणीव फार जाचते. पण तिकडे राज्य एक राहिलं आणि कागद एका छपराखाली आला. आपल्याकडे परंड्यावर बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि निजाम अशी सत्तांची रांग लागली. त्यातच १८५३ ते १८६० अशी सात वर्षं इथला नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे होता आणि तिथला पहिला अधिकारी होता मेडोज टेलर. तोच टेलर, ज्याची तुळजापूरच्या परिसरात घडणारी ‘तारा’ ही कादंबरी १८६३मध्ये आली. पुढे १९५६मध्ये धाराशिव जिल्हा मुंबई राज्यात गेला, १९६०मध्ये महाराष्ट्रात आणि १९८२मध्ये त्यातून लातूर वेगळा झाला. प्रत्येक वाटणीत दफ्तरही वाटलं गेलं. त्यामुळे धाराशिवच्या माणसाला आपला पणजोबा शोधायला तहसील, भूमी अभिलेख, छत्रपती संभाजीनगर, पुण्याचं पुराभिलेखागार आणि हैदराबादेत तारनाक्याचं अभिलेखागार असा फेरा पडतो. तारनाक्याला शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले दख्खनचे मोगल कागद आहेत, ते फारसीत.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत मोलाचा कागद म्हणजे महजर. सनदेपेक्षाही. सनदेत बादशहाची बिरुदं ओळीवर ओळी चालतात आणि वतनदार एका ओळीत उरकतो. महजर हा भांडणाचा निवाडा. पाटीलकी कुणाची, शीव कुठली, मान आधी कुणाचा यावर वाद पेटला की गोतसभा बसे. वादी आणि प्रतिवादी दोघंही आपापला करीना सांगत, म्हणजे मूळपुरुषापासूनची हकीकत. एक सांगतो, आमचा आजा दुष्काळात परागंदा झाला, मागे गुमास्ता ठेवला, त्या गुमास्त्याच्या पोरानं वतन बळकावलं. दुसरा सांगतो, गुमास्ता कसला, आम्हीच मिरासदार. दोन्ही करीने शेजारी ठेवले की ज्या पिढ्यांवर दोघांचंही एकमत आहे त्या बहुधा खऱ्या, आणि जिथून फाटे फुटतात तिथे लबाडी शोधायची.

खाली साक्षीदारांची नावं येतात आणि नावासमोर निशाणी. पाटलाचा नांगर हे ठरलेलंच. बलुतेदार आपापल्या हत्याराची खूण करत. ज्यांचं नाव दुसऱ्या कुठल्याच दफ्तरात येण्याची शक्यता नव्हती अशी माणसं या कागदाच्या तळाशी उभी आहेत. बायका मात्र जवळजवळ नाहीत. असली तर कुणाची तरी ‘कोम’ म्हणजे बायको किंवा ‘मातुश्री’, तीही घरात कर्ता पुरुष उरला नसेल तेव्हाच. वंशावळीच्या तक्त्यात निम्मी माणसं गाळलेली असतात, हे तो भिंतीवर लावणाऱ्यानं लक्षात ठेवलेलं बरं.

महजर मिळाला तरी त्याचा काळ ठरवणं ही वेगळीच कसरत. तारीख शुहूर सनात, तीही अरबी शब्दांत. ‘इसन्ने सबैन व अलफ’ म्हणजे एक हजार बहात्तर. त्यात ५९९ मिळवायचे, कागद जानेवारी ते मे दरम्यानचा असेल तर ६००. म्हणजे १६७१-७२. वर्ष मृगाच्या सुमारास पालटतं हे विसरलं की बाप मेल्यावर त्याची सही निघते. या कामासाठी ग. ह. खरे यांचं ‘संशोधकाचा मित्र’ हे पुस्तक नावाला जागतं.

भाटांच्या चोपड्या आणि क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या यांबद्दल थोडक्यात. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, काशी इथल्या वह्यांत पूर्वज स्वतः जाऊन नाव सांगून आलेला असतो, म्हणून तीनचार पिढ्यांपर्यंत त्या भरवशाच्या. भाटाची वंशावळ मात्र वर चढता चढता रामापर्यंत पोचते आणि प्रत्येक यजमानाची पोचते.

२०२३च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी ही सगळी दफ्तरं एकदम उघडली. मराठवाड्यातलं पहिलं कुणबी प्रमाणपत्र १ नोव्हेंबर २०२३ रोजी धाराशिवमध्येच दिलं गेलं. शोधाच्या यादीत खासरा, पाहणी पत्रक, गाव नमुना १४ तर होतेच, शिवाय शाळेचे प्रवेश-निर्गम, तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांच्या नोंदवह्या आणि ताडीची रजिस्टरंही होती. घराण्याची बखर सांगणारे लोक आजोबा ताडीच्या रजिस्टरात शोधू लागले, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. खंत एवढीच की शोध ‘कुणबी’ या एका शब्दाचा होता. तो सापडला की पान मिटलं. त्याच ओळीत पणजोबाच्या बापाचं नाव होतं, ते टिपून घ्यायला फार थोडे थांबले. मोडी वाचणाऱ्यांची टंचाई मात्र या निमित्तानं सगळ्यांना कळली.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर रुमालात बांधलेले कागद आहेत त्यांना एवढंच सांगणं. ते नदीत सोडू नका, लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. कागदांचा क्रम न मोडता दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, मोडी जाणणाऱ्याला दाखवा आणि एक प्रत पुराभिलेखागारात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात पोचेल असं बघा. कागदात भाऊबंदांशी झालेलं भांडण निघालं तर तो कागद आधी जपा.