ओझे, उतार आणि उलटणारी गाडी : माथेरानच्या हातरिक्षांच्या निमित्ताने

शेलू स्थानकावरून कर्जतच्या दिशेने निघाले की पुढचे स्थानक नेरळ, आणि नेरळच्या माथ्यावर माथेरान. सुमारे 800 मीटर उंचीवरील या गिरिस्थानी मोटारींना बंदी असल्याने माणसांची व मालाची वाहतूक दीर्घकाळ घोडे, हातगाड्या आणि हातरिक्षा यांवर अवलंबून राहिली. प्रस्तुत लेखात अशा गाड्यांमुळे श्रमिकांना होणाऱ्या इजांची कारणमीमांसा करावयाची आहे.

गाडी उलटली की ‘ओढणारा बेसावध होता’ असे म्हटले जाते. वस्तुतः अपघाताचे कारण बहुधा गाडी भरतानाच निर्माण झालेले असते. भारासहित गाडीच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली लंबरेषा दोन चाकांच्या मध्ये असेपर्यंतच गाडी सावरते. चाकांतील अंतर 1 मीटर व गुरुत्वमध्य तितक्याच उंचीवर असेल, तर सुमारे 27 अंशांच्या कलाला ती आडवी होते. पोती रचून तोच मध्य दीड मीटरवर नेल्यास 18 अंश पुरतात. हे स्थिर गाडीचे गणित झाले. चाक खड्ड्यात आपटले तर त्याहूनही कमी. दुचाकी गाडीत आस हा टेकू असतो. भार त्याच्या मागे गेला की दांडी उसळून छातीला वा हनुवटीला बसते. पुढे आला की मनगटे आणि कंबर तो पेलतात.

उताराचा प्रश्न याहून बिकट आहे. दहास एक अशा उतारावर, घर्षण वगळता, 300 किलोची गाडी थोपवण्यास सुमारे 30 किलो वजनाइतका जोर सतत लावावा लागतो. चढावर दमलेला माणूस चाकाला दगड लावून थांबू शकतो. उतारावर थोपवणे हेच काम असते. पावसात लाल मातीवर पाय घसरला, की गाडी अंगावर येते.

कायद्याने मात्र प्रामुख्याने वजनाचा विचार केला. 1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 34 ने इजा होण्याचा संभव असेल इतके जड ओझे वाहावयास लावण्यास मनाई केली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची मर्यादा आहे. रचलेल्या मालाची उंची व रस्त्याचा उतार या आकड्यात येत नाहीत. शिवाय माथेरानचा रस्ता म्हणजे कारखाना नव्हे.

6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणूस ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा व ई-रिक्षांद्वारे पुनर्वसनाचा आदेश दिला. हा निर्णय प्रवासी वाहतुकीपुरता आहे. मालाच्या हातगाडीला तेच गुरुत्वाकर्षण लागू असते, आणि तिला साधा ब्रेक बसवण्यास फारसा खर्च येत नाही.