हा वास आजाराचा, की गावाचा?

संध्याकाळच्या लोकलने अंबरनाथवरून बदलापूरला जाताना कधी दाराशी उभे राहिला असाल, तर एमआयडीसीकडून येणारा तो उग्र दर्प तुमच्या ओळखीचा असेल. माझ्या पीएचडीच्या विषयात हाच दर्प मोठी अडचण आहे. विषय आहे, श्वास हुंगून फुफ्फुसाचा संसर्ग ओळखू पाहणारं ‘इलेक्ट्रॉनिक नाक’.

आपण सोडलेल्या हवेत नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ असते. शिवाय शेकडो सेंद्रिय पदार्थांची बाष्पं असतात, बहुतेक अब्जात काही भाग इतकी कमी. जंतूंच्या आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या शरीराच्या रासायनिक उलाढालींमुळे या मिश्रणातली प्रमाणं बदलतात.

यंत्रात टिन ऑक्साइडसारख्या पदार्थांचे सेन्सर असतात. तापवल्यावर हवेतला ऑक्सिजन त्यांच्या पृष्ठभागाला चिकटतो. अल्कोहोलसारखी वाफ आली की तिची या ऑक्सिजनशी अभिक्रिया होते आणि सेन्सरचा विद्युतरोध घटतो. पण एकच सेन्सर बऱ्याच वाफांना दाद देतो. म्हणून वेगवेगळे सेन्सर एकत्र ठेवून सगळ्यांचा मिळून नमुना वाचायचा, ही कल्पना पर्सॉद आणि डॉड यांनी १९८२ साली मांडली. शेजारच्या फोडणीचा वास आला की आपण जिरं-हिंग वेगळं मोजत नाही, ‘आज आमटी’ एवढं कळतं. तसंच हे.

आता खरी गोची. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात सोडलेल्या रसायनांच्या वायूने कित्येक जणांना रुग्णालयात जावं लागलं होतं. रोजची हवा इतकी वाईट नसली, तरी सॉल्व्हंटची वाफ श्वासातून रक्तात जाते आणि नंतर हळूहळू बाहेर पडत राहते. त्यामुळे चाचणीआधी काही मिनिटं गाळलेली हवा दिली, तरी तिचा माग पूर्ण पुसला जात नाही.

समजा, आजारी माणसांचे नमुने उल्हासनगरच्या दवाखान्यात घेतले आणि निरोगी माणसांचे दूरच्या एखाद्या कॉलेजात. यंत्र दोन गट झकास वेगळे करेल! पण ते न्यूमोनिया शिकलं, की गावाची हवा आणि दवाखान्याचं फिनाइल?

यावर उपाय साधा आहे, पण चिकाटीचा. दोन्ही गट त्याच वस्तीतले हवेत, नमुने त्याच खोलीत घ्यायचे, प्रत्येक वेळी खोलीची हवाही मोजायची. आणि शेवटची परीक्षा यंत्राने कधीच न पाहिलेल्या गावात.

तोवर खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर यंत्राची वाट बघू नका. थुंकी तपासून घ्या.