दर्यावरील गान आणि श्रवणाचा धर्म

श्रावणी पौर्णिमा हा आपल्या परंपरेत अनेक आचारांचा दिवस आहे. कोणी श्रावणी करून नवे यज्ञोपवीत धारण करतो, कोठे भगिनी भ्रात्याच्या मनगटावर राखी बांधते, आणि सागरतीरी वसणारा आपला कोळी समाज सोनेरी वेष्टनाने मढविलेला नारळ वाजतगाजत नेऊन वरुणदेवाला अर्पण करतो. या समाजाच्या सागरपूजेमुळेच ही पौर्णिमा महाराष्ट्रात ‘नारळी’ या नावाने ओळखली जाते. तेव्हा आज घरोघरी नारळीभाताचा सुगंध दरवळत असता त्या समाजाच्या एका नित्याच्या सोबत्याचे, म्हणजे नावेवरील गाण्याचे, स्मरण करणे उचित ठरेल.

या महिन्याच्या नावातच त्या स्मरणाला आधार आहे. पौर्णिमेचा चंद्र श्रवण नक्षत्राच्या समीप असतो म्हणून हा मास श्रावण. आणि श्रवण म्हणजे ऐकणे. श्रीमद्भागवतात प्रल्हादाने नवविधा भक्ती सांगितली, तीत पहिले स्थान श्रवणाला दिले. कीर्तनाचा क्रम त्यानंतरचा. आम्ही कीर्तनकार मंडळी गाण्याचा अभिमान मिरवितो, परंतु ऐकणाराच नसेल तर गाणाऱ्याने कोणासाठी गावे? जाळे टाकून नावेत बसलेल्या मनुष्याच्या कानी काय काय पडते, त्यातील त्याने काय ऐकावे आणि कशासाठी थांबावे, हा प्रश्न म्हणूनच या सणाशी निगडित आहे. तो केवळ रसिकतेचा नाही. त्यात माणसांच्या जिवाचा संबंध आहे.

वरुणाची नौका

वरुण आणि नाव यांचे नाते फार पुरातन आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ ऋषी एक हृद्य आठवण सांगतात. आपण आणि वरुण एकाच नावेत बसून समुद्राच्या मध्यापर्यंत गेलो आणि लाटांच्या हिंदोळ्यावर झोके घेतले, अशी ती आठवण. त्याच सूक्तात पुढे ऋषी व्याकूळ होऊन विचारतात की, ते आपले सख्य आता कोठे गेले? देवाशी सख्य आणि त्या सख्याला अंतर पडण्याची भीती, हे दोन्ही भाव एका नावेच्या आठवणीत एकवटले आहेत. भरसमुद्रात रात्र काढणाऱ्या नाखव्याला या सूक्ताचा अर्थ कोणी पंडिताने समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सागर प्रसन्न असेल तर मित्र, आणि रुष्ट झाला तर दाद मागावयास दुसरे स्थान नाही, हे तो अनुभवाने जाणतो.

वल्ह्याचा ताल, ओहोटीचा आलाप

नावेवरील गाणे मुळात श्रमातून जन्मले. आठ-दहा वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडली तर नाव सरळ व वेगाने जाते. मागेपुढे पडली तर बळ वाया जाते. हा एकच क्षण साधण्यासाठी एकाने ओळ उचलावयाची आणि सर्वांनी ती झेलावयाची. वल्हे ओढण्याच्या वेळी सम आणि ते उचलून पुढे नेताना विश्रांती, अशी ही रचना असते. कीर्तनात बुवांनी ध्रुपद म्हणावे आणि मागच्या टाळकऱ्यांनी ते उचलावे, तसाच हा प्रकार. जाळे ओढतानाचा घोषही याच जातीचा. भिजलेले जड जाळे एकट्याच्या बळाने हलत नाही, ते स्वराच्या बळाने वर येते.

हा ताल केवळ आपल्याच किनाऱ्यावर नाही. केरळात नावेच्या गाण्याला ‘वंचिपाट्टु’ म्हणतात. ‘वंचि’ म्हणजे नाव आणि ‘पाट्टु’ म्हणजे गाणे. अठराव्या शतकात रामपुरत्तु वारियर या कवीने सुदाम्याची कथा या वल्हवण्याच्या वृत्तात बांधली. दक्षिणेत सुदाम्याला कुचेल म्हणतात. त्रावणकोरचे राजे मार्तंड वर्मा यांच्यासमवेत नावेतून जाताना या दरिद्री कवीने ती रचली, अशी तेथील परंपरा आहे. मूठभर पोहे घेऊन निघालेल्या विप्राची कथा स्वतः कवीलाच लागू पडत होती, हे सांगणे न लगे. आरन्मुळा येथे पंपा नदीवर आजही मोठ्या सर्पाकृती नावा वंचिपाट्टुच्या गजरात वल्हविल्या जातात. आणखी एक योगायोग ध्यानी घ्यावा. केरळचा जो तिरुओणम, तो आपल्या श्रवण नक्षत्राचाच दिवस होय.

बंगालात याहून सूक्ष्म भेद आढळतो. वल्ही मारताना म्हणावयाची ती ‘सारी’ गाणी, ठसकेबाज आणि तालबद्ध. परंतु ओहोटीबरोबर नाव आपोआप वाहू लागली, हातांना विसावा मिळाला, की नावाडी जे गातो ते ‘भाटियाली’. ‘भाटा’ म्हणजे ओहोटी. येथे वल्हे थांबले म्हणून तालही सैल झाला, आणि स्वर नदीच्या पात्राएवढा लांब पसरू लागला. भरती-ओहोटीने गाण्याची लय ठरवावी, यापेक्षा निसर्ग व संगीत यांचे ऐक्य ते कोणते?

आपल्याकडे स्वातंत्र्योत्तर काळात होड्यांना यंत्रे बसली. हातांचे कष्ट हलके झाले आणि नाव दूरवर जाऊ लागली, हे इष्टच झाले. मात्र यंत्राच्या धडधडीपुढे ताल धरण्याचे कारण उरले नाही. वल्ह्याचे गाणे नावेतून उतरून लग्नमंडपात, मिरवणुकीत आणि ध्वनिमुद्रिकेत गेले. शान्ता शेळके यांच्या लेखणीने आणि हृदयनाथ मंगेशकर यांच्या स्वररचनेने कोळीगीताला घराघरांत स्थान दिले, ते लताबाईंच्या कंठातून मराठी मनात कायमचे रुजले. ज्या गाण्याने होडी चालत असे, ते आता होडीवर यंत्रातून ऐकू येऊ लागले. गाणारा श्रोता झाला. हा पालट लहान नव्हे.

माशांचे कान

येथे काही वाचकांच्या मनात शंका येईल, की गाण्याने मासे पळत नाहीत काय? शास्त्र याचे उत्तर मोठे मनोरंजक देते. हवेत ध्वनी एका सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १,५०० मीटर, म्हणजे चौपटीहून अधिक वेगाने. तथापि हवेतील ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला की जवळजवळ सर्वच परत फिरतो. म्हणून नावेत कोणी मोकळ्या गळ्याने गायिले, तर त्यातील फारच अल्प अंश खाली पोहोचतो. परंतु फळीवर टाच आपटली, डबा पडला, वा यंत्र धडधडले, तर तो आघात लाकडातून थेट पाण्यात उतरतो. नाखवा नव्या पोराला ‘गा, पण पाय आपटू नकोस’ असे बजावील, तर ते शास्त्राला धरूनच होईल.

मासा बहिरा नाही. त्याला बाहेरून दिसणारे कान नसले तरी मस्तकात अंतःकर्ण असतो. रोहू, कटला यांच्या कुळात तर वाताशयापासून कानापर्यंत सूक्ष्म अस्थींची साखळीच असते. घोळ आणि ढोमा यांच्या कुळातील मासे त्याहून पुढे जातात. ते वाताशयावरील स्नायू कंपित करून ढोलासारखा ध्वनी काढतात. कोळी बांधव ज्याला ‘भोत’ म्हणतात तोच हा वाताशय. मलायाच्या किनाऱ्यावर पाण्यात डोके बुडवून हे ध्वनी ऐकणारे आणि ‘मासा कोठे, किती’ हे सांगणारे जाणते कोळी होऊन गेले. तेथे माणसाने गावयाचे नसते. गाणारा पाण्याखाली असतो.

आपल्या नवनाथांच्या कथेत हेच निराळ्या रूपाने आले आहे. शंकराने पार्वतीला एकांतात गूढ उपदेश केला आणि तो मत्स्याच्या उदरातील जीवाने ऐकला. तोच पुढे मच्छिंद्रनाथ झाला. उपदेश ज्याच्यासाठी होता त्याच्या आधी, पाण्यात निमूटपणे ऐकणाऱ्याला ज्ञान झाले! श्रवणाचे महात्म्य याहून अधिक काय सांगावे?

आकाशवाणी

कंसाला देवकीच्या रथावर असताना आकाशवाणी झाली, हे आपण जन्माष्टमीला दरवर्षी ऐकतो. तोच शब्द आपल्या देशाने नभोवाणीला दिला. बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर स्वस्त झाला तसा तो तांडेलाच्या खोपटात आणि नावेच्या वरवंडीपाशीही येऊन बसला. १९५७ साली सुरू झालेल्या विविध भारतीची गाणी, ‘कामगार सभे’तील लोकगीते, पहाटेची भक्तिगीते हे सारे किनाऱ्यापासून दूर ऐकू येई. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने मध्यम लहरी भूमीपेक्षा समुद्रावरून अधिक दूर जातात. किनारा दृष्टीआड झाला तरी किनाऱ्याचा आवाज सोबत करीत असे.

गाण्यांच्या मधूनच आणखी एक आवाज येई: ‘मच्छीमारांना इशारा’. तो आवाज नीरस, त्यात ना सूर ना ताल. परंतु त्या दोन वाक्यांत घरी वाट पाहणाऱ्या मंडळींचे सर्वस्व सामावलेले असे. इतकेच नव्हे, तर मध्यम लहरींवर गाणे चालू असता मधे मधे जो कडकडाट उठतो, तो दूरच्या विजांचा असतो. ढग क्षितिजाखाली असतानाच ट्रान्झिस्टर खरखरून त्यांची वर्दी देतो. त्रासिकपणे बटण पिळणारा त्यास बिघाड समजेल. जाणता तांडेल त्याकडे कान देईल.

२००९ च्या नोव्हेंबरात, दिवाळी उलटून मासेमारी भरात असताना, ‘फयान’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले. ११ नोव्हेंबरचा तो दिवस. अनेक नौका समुद्रात होत्या आणि त्यांवरील काही खलाशी घरी परतले नाहीत. त्यानंतर साधने पुष्कळ वाढली. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था लाटा व वारे यांचे अंदाज देते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे, मासेमारी नौकांवर उपग्रहाद्वारे संदेश देणारी एक लाख यंत्रे बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. सावधगिरीचा शब्द आता भरसमुद्रातही पोहोचू शकतो. मात्र शब्द पोहोचविणे यंत्राचे काम. तो मनावर घेणे माणसाचे. दोन्ही कानांत गाण्याची बोंडे खुपसून बसलेल्या तरुण खलाशाला ना इशारा ऐकू येईल, ना वाऱ्याचा बदललेला स्वर, ना मागे पाण्यात पडलेल्या सोबत्याची हाक.

धर्मव्याधाची साक्ष

काही सात्त्विक कुटुंबांत असाही प्रश्न निघतो, की ज्या नावेवर जीवहत्या होते तेथे अभंग वा देवाचे नाव लावणे कितपत शोभते? महाभारताच्या वनपर्वाने याचे उत्तर दिले आहे. तपाचा गर्व झालेल्या कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकावयास मिथिलेच्या बाजारात एका मांसविक्रेत्याकडे जावे लागले. तो धर्मव्याध सत्याने वागे, मातापित्यांची देवाप्रमाणे सेवा करी, आणि वाट्याला आलेले काम निर्लोभपणे करी. महाभारतकार व्यासांची माता सत्यवती ही नाव वल्हविणारी धीवरकन्या होती, हेही विसरू नये. पावसाळ्यात, अनेक माशांच्या विणीच्या दिवसांत, जो दर्याला विसावा देतो आणि नारळ वाहून अनुज्ञा घेतल्यावाचून त्यात उतरत नाही, त्याच्या नावेवरचा अभंग देवाला परका कसा वाटेल? अलीकडे शासनही १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी घालते. त्या बंदीमागील संयम या समाजाने सणाच्या रूपाने आधीच जपला होता.

त्यागराजांचा दृष्टांत

मराठ्यांच्या तंजावर राज्यात जन्मलेल्या संत त्यागराजांनी (१७६७–१८४७) ‘नौकाचरित्रमु’ नावाचे गेय नाट्य रचिले. गोपी श्रीकृष्णाला नावेत घेऊन यमुनेवर विहाराला निघतात. गाणे रंगते, आणि हळूहळू त्यांच्या मनात अहंकार शिरतो की, कृष्ण आपल्या अधीन आहे. तोच वादळ उठते आणि नावेला छिद्र पडते. पाणी आत येऊ लागते, तेव्हा नटण्याची वस्त्रेच त्या छिद्रात कोंबण्याची वेळ येते. गर्व गळतो, गोपी शरण जातात आणि नाव तीराला लागते. त्यागराजांसारखा नादोपासक गाण्याला दोष देईल, हे संभवतच नाही. त्यांचा कटाक्ष आहे तो आपल्याच गाण्यात बुडून वाऱ्याला आणि नावेत बसलेल्या देवाला विसरण्यावर.

सणाच्या दिवशी किनाऱ्यावर ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात, तेव्हा हा दृष्टांत विशेष आठवतो. त्या गदारोळात वृद्ध कोळिणींच्या कंठातील जुनी गाणी कोणालाच ऐकू येत नाहीत. ती बहुधा कोठे लिहिलेली नसतात. ज्या कंठात आहेत त्या कंठाबरोबरच मावळतात. या पौर्णिमेस तरुणांनी घटकाभर ते यंत्र बंद करावे, आजीला ओट्यावर बसवावे आणि तिने गावे, आपण ऐकावे. हीही वरुणाची पूजाच होय.

आणि नारळ वाहून नाव लोटल्यावर, दर्यावर खुशाल गाणे लावावे. भूपाळी लावावी, कोळीगीत लावावे, चित्रपटातील चीजही लावावी; लांब रात्रीला स्वराची सोबत हवीच. फक्त एक कान सागरासाठी मोकळा ठेवावा. वरुणदेव सर्व नौकांचे मार्ग जाणतो, असे वेद म्हणतो. तो ज्याला हाक देईल त्याला ती ऐकू यावी, आणि प्रत्येक नाव सुखरूप आपल्या बंदराला लागावी, हीच या मंगल दिनी प्रार्थना.